राडारोडा : पाडकामापासून पुन्हा बांधकामापर्यंत

बांधकाम, दुरुस्ती आणि पाडकाम या तिन्ही कामांतून राडारोडा निघतो. मुंबईत त्यालाच डेब्रिज म्हणतात. काँक्रीटचे तुकडे, विटा, गिलावा, लाद्या, माती, सळया, लाकूड, काच, पीव्हीसीचे पाइप, पीओपीचे छत असे सगळे त्यात एकत्र येते. वजनाने पाहिले तर काँक्रीट, विटा आणि माती यांचाच वाटा मोठा असतो. सडणारा भाग फारसा नसल्यामुळे त्याला वास येत नाही आणि म्हणूनच तो ओल्या कचऱ्याइतका कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

तो किती निघतो याचे ठोकताळे ‘टायफॅक’ या केंद्रीय संस्थेने २००१ मध्ये दिले आणि अजूनही तेच वापरात आहेत. नव्या बांधकामात दर चौरस मीटरला ४० ते ६० किलो, तर पक्की इमारत पाडताना ३०० ते ५०० किलो. तळमजला अधिक चार मजले आणि दर मजल्यावर ४०० चौरस मीटर अशी साधी इमारत घेतली तर तिचा राडारोडा ६०० ते १,००० टन होतो. १६ टनांचा डंपर धरला तर साधारण ४० ते ६० फेऱ्या. देशभरातून दरवर्षी सुमारे १५ कोटी टन राडारोडा निघतो असा सरकारी अंदाज आहे आणि त्यावर प्रक्रिया करण्याची क्षमता त्यामानाने अगदीच तोकडी आहे.

या ढिगाऱ्याबद्दल शहरांत दोन ठाम भूमिका आहेत. महापालिकेच्या घनकचरा खात्यातला अभियंता म्हणतो की यातला एकही उपयोगी तुकडा क्षेपणभूमीवर जाता कामा नये. पाडकामाचा कंत्राटदार म्हणतो की हे बोलायला सोपे आहे, पण त्याचा खर्च, वेळ आणि जागा कोणी द्यायची ते आधी ठरवा. पुढील संवाद या दोन भूमिकांमधला आहे. त्यासाठी शहर मुंबई धरले आहे, कारण पुनर्विकासामुळे इथे एका जागी आधी पाडकाम आणि लगेच त्याच जागी बांधकाम असे दोन्ही चालते. नुसत्या बीडीडी चाळी घेतल्या तरी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून मूळच्या २०७ इमारती होतात आणि त्यांचे जुने काँक्रीट १९२० च्या दशकातले आहे.

कंत्राटदार : साहेब, मुळातच एक गोष्ट सांगा. डेब्रिज क्षेपणभूमीवर जातंच किती? तुमचं सगळं बोलणं ते तिथून वळवण्याबद्दल आहे. आमच्या गाड्या तर भरावाला जातात. कोणाचा प्लॉट खोल आहे, कोणाला रस्ता उचलायचा आहे, कोणाला गोदामाचं जोतं भरायचं आहे. मागणी असते म्हणून माल जातो.

अभियंता : काही गाड्या जातात, शेठ. पण ज्या जात नाहीत त्या कुठे रिकाम्या होतात? रात्री खाडीच्या कडेला, कांदळवनात, नाल्याच्या तोंडाशी, नाहीतर उड्डाणपुलाखाली. क्षेपणभूमीवर निदान वजनकाटा असतो. तिथे काहीच नसतं.

कंत्राटदार : आणि जे क्षेपणभूमीवर येतं ते तुम्हालाच लागतं. २०१६ च्या जानेवारीत देवनारची क्षेपणभूमी पेटली तेव्हा कचऱ्यावर टाकायला मातीच हवी होती ना? कचऱ्यावर रोज थर द्यायचा तर डेब्रिजसारखा माल नाही.

कंत्राटदाराच्या दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. ओल्या कचऱ्यावर निष्क्रिय मालाचा थर दिला की आग, माश्या आणि दुर्गंधी आवरते, म्हणून जगभरच्या क्षेपणभूमींवर थोडा राडारोडा मुद्दाम वापरला जातो. पण त्यासाठी बारीक आणि निवडलेला माल लागतो. पूर्ण स्लॅबचे तुकडे टाकले तर क्षेपणभूमीचे आयुष्य घटते, कारण दगडाइतक्या जड वस्तूने अडवलेली जागा परत मिळत नाही. पीओपी आणि जिप्समचे बोर्ड ओल्या कचऱ्यात मिसळले तर हवाबंद थरात त्यांच्यापासून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. मुंबईत हा प्रश्न न्यायालयातही गेला. फेब्रुवारी २०१६ मध्ये क्षेपणभूमींच्या दुरवस्थेवरून मुंबई उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर बंदी घातली. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सशर्त उठवली तेव्हाची मुख्य अट हीच होती की देवनार आणि मुलुंडच्या क्षेपणभूमींवर राडारोडा टाकायचा नाही, तो कुठे जाणार हे विकासकाने आधी दाखवायचे.

म्हणजे राडारोडा ‘क्षेपणभूमीवर गेला नाही’ एवढे कळून भागत नाही. तो खाडीत गेला तरी क्षेपणभूमीवर गेला नाही असेच म्हणता येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा पाण्याला पसरायला जागा किती उरली आहे ते शहराने पाहिले. खाडीकाठच्या भरावाचा हिशोब त्या जागेतून वजा होतो.

अभियंता : भरावाला माझा विरोध नाही. रस्त्याचा बांध, इमारतीचं जोतं, तळघराची बाजू यांसाठी नकाशावर आखलेला भराव असेल तर तो वापरच आहे. नोएडाचे जुळे टॉवर २८ ऑगस्ट २०२२ ला पाडले, तेव्हा सुमारे ८० हजार टन राडारोड्याचा अंदाज होता. त्यातला मोठा भाग तिथलीच तळघरं भरायला वापरला आणि उरलेला प्रक्रिया केंद्राकडे नेला. पण पाणथळ जागेचा भराव हा वापर नाही, ती विल्हेवाट आहे.

कंत्राटदार : मान्य. पण मग युरोपचे आकडे दाखवून आम्हाला लाजवू नका. तिकडेही भराव हिशोबात धरतात.

हे खरे आहे. युरोपीय संघाने २००८ च्या कचराविषयक निर्देशात २०२० पर्यंत बिनघातक राडारोड्याचा ७० टक्के भाग वजनाने परत वापरात आणण्याचे लक्ष्य ठेवले होते. त्यात खोदलेली नैसर्गिक माती वगळली होती, पण भराव मात्र धरला होता. त्यामुळे काही देशांचे आकडे फार उंच दिसतात आणि त्यातला किती माल पुन्हा काँक्रीटमध्ये गेला ते त्यावरून कळत नाही. भारतीय शहरांनी तोच एक आकडा उचलला तर इथेही तीच गल्लत होईल. आखलेला भराव, रस्त्याचा थर, ब्लॉक आणि काँक्रीट यांचे रकाने पहिल्यापासून वेगळे हवेत.

ढिगाऱ्याची किंमत प्रक्रिया केंद्राच्या आधीच, पाडकामाच्या जागेवर ठरते. इमारत पाडण्याचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. रहिवासी गेले की आधी वायरी, मीटर आणि नळ निघतात, कारण तांबे-पितळेला सर्वांत जास्त भाव. मग दारे, खिडक्यांच्या चौकटी, ग्रिल, ॲल्युमिनियमचे स्लायडिंग, ओट्याचा कडप्पा, बेसिन. जुनी चाळ असेल तर जिन्याच्या फळ्या, तुळया आणि खांब यांचे सागवान जपून उतरवतात, खिळे उपटतात आणि लांबीप्रमाणे रचून ठेवतात. शंभर वर्षांचे पक्के सागवान पुन्हा दारासाठी, फर्निचरसाठी विकले जाते. पुण्यातल्या वाड्यांच्या लाकडाचेही तसेच होते. नंतर ब्रेकर लावलेला पोकलेन गच्चीवर चढतो, चायना मोझॅकखालचा ब्रिकबॅट कोबा सुटतो, स्लॅब फुटतो आणि कामगार घण व गॅस कटर घेऊन काँक्रीटमधल्या सळया मोकळ्या करतात. सळया वाकड्या निघाल्या तरी वजनावर लगेच जातात. या भंगाराच्या जोरावर अनेक कामांत कंत्राटदार पाडकामाचे पैसे घेण्याऐवजी उलट विकासकाला पैसे मोजतो.

कंत्राटदार : म्हणून म्हणतो साहेब, वळवण्याचं काम आम्ही कायदा यायच्या कितीतरी आधीपासून करतोय. एक कडी-कोयंडा आम्ही वाया घालवत नाही. तुम्ही ज्याला कचरा म्हणता तो आम्ही सगळं काढून घेतल्यावर उरलेला भाग आहे.

अभियंता : ते काम मोलाचं आहे, त्यात वाद नाही. पण तुमचा माल निघाल्यावर जे उरतं त्यात विटा, काँक्रीट, माती आणि पीओपी एकमेकांत कालवलेलं असतं. नियमाला हवेत चार वेगळे ढीग.

२०१६ च्या मार्चमध्ये केंद्राने बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम काढले. एका दिवसात २० टनांहून किंवा एका महिन्यात एका प्रकल्पातून ३०० टनांहून अधिक राडारोडा काढणाऱ्याने तो काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-गिलावा अशा चार प्रवाहांत वेगळा करायचा आणि काम सुरू होण्याआधी त्याचा आराखडा मंजूर करून घ्यायचा. वर हिशोब केलेली चार मजल्यांची साधी इमारतही या नियमाखाली सहज येते.

कंत्राटदार : दादरला येऊन बघा. प्लॉटची हद्द आणि इमारत यांत एक माणूस जेमतेम चालेल एवढी जागा असते. चार ढीग कुठे लावू? रस्त्यावर एक तगारी ठेवली तरी तुमच्याच वॉर्डाची नोटीस येते. अवजड गाड्यांना दिवसा बंदी, म्हणजे माल रात्रीच उचलायचा. आणि विकासक दर महिन्याला सगळ्या रहिवाशांचं भाडं भरतो. त्याला एक दिवस जास्त नको असतो. उशीर झाला की दंड माझ्या बिलातून कापतो.

अभियंता : चार ढीग एकाच रात्री लावायला कोण सांगतंय? ते एकापाठोपाठ लावा. स्लॅबला हात लावण्याआधी आतल्या विटांच्या भिंती आणि पीओपी उतरवा, त्या गाड्या पाठवून द्या. मग स्लॅब आणि खांब फोडा, तेव्हा काँक्रीट आपोआप वेगळं राहील. जोतं आणि पायाची माती शेवटी. सागवान काढताना तुम्ही हेच करता. फक्त ती शिस्त विटांपर्यंत न्यायची आहे.

कंत्राटदार : विटांना सागवानाचा भाव द्या, मग नेतो.

वादाचे मूळ या शेवटच्या वाक्यात आहे. जागा नसली तरी वर्गीकरण वेळेत विभागता येते, हे अभियंत्याचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. जपानने हीच वाट धरली. २००० साली तिथे बांधकाम साहित्याच्या पुनर्वापराचा कायदा झाला, २००२ पासून तो पूर्ण लागू झाला आणि ८० चौरस मीटरहून मोठी इमारत पाडायची तर माल वेगवेगळा करत पाडणे बंधनकारक झाले. तिथल्या काँक्रीटच्या राडारोड्यापैकी ९८ टक्क्यांहून जास्त भाग परत वापरला जातो, तोही मुख्यतः रस्त्यांखाली. परंतु जपानमध्ये या पद्धतीचा खर्च इमारतीचा मालक कंत्राटातच मोजतो. इथल्या पाडकामाच्या निविदेत किती दिवसांत जागा मोकळी करणार हे कलम ठळक असते आणि वर्गीकरणाच्या दराचा रकाना बहुधा नसतो. दर नसलेले काम कोणी मनापासून करत नाही. यात कंत्राटदाराला दोष देऊन उपयोग नाही. मालकाने, म्हणजे विकासक आणि गृहनिर्माण संस्थेने, ते दिवस आणि तो दर निविदेतच घालायला हवा.

वर्गीकरण झाले की केंद्रातले काम तुलनेने सरळ आहे. मुंबई महापालिकेसाठी दहिसर आणि शिळफाटा इथे दिवसाला प्रत्येकी ६०० टन क्षमतेची दोन केंद्रे उभी राहिली आहेत. देशातले पहिले मोठे केंद्र दिल्लीत बुराडीला सुरू झाले. आधी ५०० टनांची असलेली त्याची क्षमता पुढे २,००० टनांवर गेली. अशा केंद्रात गाडी प्रथम वजनकाट्यावर येते. माल अंगणात ओतून मोठे लाकूड, गाद्या, चिंध्या हाताने काढतात. मग जाड गजांच्या चाळणीवरून माती आणि बारीक भाग वेगळा होतो. मोठे तुकडे जॉ क्रशरमध्ये फुटतात, पट्ट्यावर टांगलेले चुंबक उरलेल्या सळया आणि खिळे ओढून घेते. ओल्या पद्धतीच्या केंद्रात पुढे धुलाई होते. लाकूड आणि प्लास्टिक पाण्यावर तरंगून बाजूला जाते, खडी आणि वाळूला चिकटलेला गाळ सुटतो आणि चाळण्यांवरून २० मिलिमीटर, १० मिलिमीटर आणि वाळू असे माप वेगळे पडते. गढूळ पाणी टाकीत निवळवून पुन्हा वापरतात. गाळ फिल्टर प्रेसमध्ये दाबला जातो आणि त्याच्या ओलसर वड्या पडतात. धुलाईमुळे धूळही कमी उडते, जी कोरड्या पद्धतीत शेजारच्या वस्तीला सोसावी लागते.

कंत्राटदार : केंद्र झकास आहे, मी पाहिलंय. पण परळहून शिळफाट्याला माझी गाडी पस्तीस-चाळीस किलोमीटर जाते. डिझेल, टोल, रात्रीचा चालक आणि वर तुमची प्रक्रिया फी. त्यापेक्षा जवळ कोणी भरावाला घेत असेल तर विकासक म्हणतो, तिकडेच टाक.

अभियंता : अंतर ही आमची उणीव आहे. मोठी दोन केंद्रं पुरेशी नाहीत. प्रत्येक परिमंडळात जमा करायची जागा हवी. शिवाय मोठ्या प्रकल्पावर फिरता क्रशर आणता येतो, म्हणजे पायाखालच्या साध्या काँक्रीटचा (पीसीसी) आणि रस्त्याखालचा माल तिथल्या तिथेच वापरला जातो.

खडी जड आणि स्वस्त असते, म्हणून तिच्या किमतीत वाहतुकीचा वाटा मोठा असतो. राडारोड्यालाही हाच नियम लागू आहे. एका टनाला किती किलोमीटर न्यावे लागते यावर साऱ्या योजनेचे यश ठरते, म्हणून शहराच्या टोकाला एक भव्य केंद्र बांधण्यापेक्षा मध्यम आकाराची जवळची केंद्रे बरी. अर्थात मुंबईत अशी जागा मिळवणे अतिशय अवघड आहे आणि क्रशर शेजारी यावा असे कोणत्याही वस्तीला वाटत नाही.

यानंतरचा प्रश्न दर्जाचा. जुन्या काँक्रीटपासून केलेल्या खडीला जुना सिमेंटचा मसाला चिकटलेला असतो. तो सच्छिद्र असल्यामुळे ही खडी सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणाच्या खडीपेक्षा बरेच जास्त पाणी शोषते आणि वजनाला हलकी भरते. मिश्रण करताना ती आधी भिजवून घेतली नाही तर काँक्रीट पटकन घट्ट होते आणि कामगार वरून पाणी मारतात. मजबुती तिथेच जाते. विटांचा चुरा मिसळलेली खडी याहूनही कमजोर. भारतीय मानक ब्यूरोचे खडी-वाळूचे जुने मानक फक्त नैसर्गिक मालाला ओळखत होते. ‘आयएस ३८३’ची २०१६ ची आवृत्ती आली तेव्हा पुनर्वापरातल्या मालाला प्रथमच दार उघडले. काँक्रीटपासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ पर्यंतच्या आरसीसीमध्ये २० टक्के आणि एम-१५ पेक्षा कमी प्रतीच्या लीन काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के चालते. विटा-मिश्रित माल फक्त लीन काँक्रीटमध्ये.

कंत्राटदार : मी बांधकामही करतो, म्हणून विचारतो. स्ट्रक्चरल इंजिनिअर सही करेल का? आमच्या टॉवरचे खांब एम-४० च्या वर असतात. मानकानेच तिथे नाही म्हटलंय. मग हा माल वापरायचा कुठे?

अभियंता : खांबात घालाच असं कोणी म्हणत नाही. पायाखालचा पीसीसी, कंपाउंडची भिंत, पेव्हर ब्लॉक, कर्ब स्टोन, पार्टिशनचे ब्लॉक, गटाराची झाकणं. आणि सर्वांत जास्त माल रस्त्याच्या खालच्या थरांत जातो. त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची २०१७ ची मार्गदर्शिकाच आहे. क्रश सँड, म्हणजे दगड चुरून केलेली वाळू, आली तेव्हाही हेच ऐकलं होतं, की नदीच्या वाळूशिवाय गिलावा टिकणार नाही. आज किती साइटवर नदीची वाळू दिसते?

कंत्राटदार : क्रश सँड चालली कारण नदीची वाळू मिळेनाशी झाली आणि महाग झाली. तुमची खडी चालायची तर खाणीची खडी महाग व्हायला हवी. आज दोन्हींचा भाव जवळजवळ सारखा. मग मी नवीनच घेणार.

कंत्राटदाराचे हे निरीक्षण या साऱ्या चर्चेतले सर्वांत महत्त्वाचे आहे. खाणीतून निघालेल्या एका ब्रास खडीच्या किमतीत रॉयल्टी असते, पण फोडलेल्या डोंगराची आणि खाणीलगतच्या गावाने गिळलेल्या धुळीची किंमत नसते. ब्रिटनने हा फरक करांतून भरून काढला. १९९६ मध्ये क्षेपणभूमीवर टाकणाऱ्यावर कर बसवला आणि २००२ मध्ये नव्या खडीवर दर टनाला १.६० पौंड आकारणी सुरू केली. टाकणे महागले आणि नवे घेणेही महागले, त्यामुळे मधला माल आपोआप परवडू लागला. नेदरलँड्सने १९९७ पासून पुनर्वापर होऊ शकणारा राडारोडा क्षेपणभूमीवर टाकायलाच बंदी केली. भारतात २०१६ च्या नियमांनी वेगळे साधन निवडले. महापालिका आणि सरकारी कंत्राटांत १० ते २० टक्के साहित्य राडारोड्यापासून केलेले घ्यावे, असे त्यांनी सांगितले.

कंत्राटदार : आणि ते कोण पाळतं? मी महापालिकेच्या फुटपाथचं काम केलं. दरसूचीत रिसायकल ब्लॉकचा आयटम नव्हता. ज्याचा आयटम नाही त्याचं बिल निघत नाही. तुमच्याच खात्याने केलेला माल तुमच्याच रस्ते खात्याने घ्यायचा नाही, मग आम्ही का घ्यायचा?

अभियंता : याला माझ्याकडे उत्तर नाही. घनकचरा खातं केंद्र चालवतं, रस्ते खातं निविदा काढतं. दोन फायली एका टेबलावर येत नाहीत.

नियम होऊन इतकी वर्षे लोटली तरी हा दोष जागच्या जागी आहे आणि तो दूर करायला नवे यंत्र किंवा परदेशी तंत्र लागत नाही. दरसूचीत पुनर्वापराच्या खडीचे, ब्लॉकचे आणि रस्त्याच्या थराचे आयटम त्यांच्या चाचण्यांसह घातले, पदपथ आणि खालच्या थरांच्या प्रत्येक निविदेत त्यांचा किमान वाटा ठरवला, की केंद्रांना हमखास गिऱ्हाईक मिळते. दिल्लीतल्या केंद्राचे ब्लॉक सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारित इमारतीत वापरले गेले, ते सरकारी खरेदीमुळेच. उलट नवी मुंबईत सिडको आणि ‘युवा’ या संस्थेने या शतकाच्या सुरुवातीलाच बेलापूरला डेब्रिजपासून ब्लॉक करून दाखवले होते. तंत्र सिद्ध झाले, पण ते शहराच्या रोजच्या खरेदीचा भाग झाले नाही. महाराष्ट्राने त्या अनुभवाकडे तेव्हाच लक्ष दिले असते तर आज केंद्रे मोजायची वेळ आली नसती.

२०२५ मध्ये केंद्राने नवे नियम अधिसूचित केले. ते १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्याचे ठरले. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांवर त्यांत उत्पादकाची विस्तारित जबाबदारी टाकली आहे. किती राडारोडा काढला, किती प्रक्रियेला दिला आणि किती पुनर्वापराचा माल वापरला याची ऑनलाइन नोंद करून टप्प्याटप्प्याने वाढणारी लक्ष्ये गाठायची आहेत. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडून मिळणारे प्रमाणपत्र त्यासाठी ग्राह्य धरले जाते.

कंत्राटदार : प्रमाणपत्र विकत मिळायला लागलं की मोठे विकासक कागद घेतील आणि गाडी खाडीतच जाईल.

अभियंता : म्हणून गाडीवर जीपीएस आणि केंद्राच्या काट्याची पावती हवी. पावतीचं वजन आणि आराखड्यातलं वजन जुळलं तरच पुढची परवानगी. पण मला मोठ्या प्रकल्पांपेक्षा लहान कामांची काळजी जास्त आहे. एका फ्लॅटची लादी बदलली की पन्नास गोण्या निघतात आणि त्या रात्रीतून फुटपाथवर येतात.

कंत्राटदार : त्यांना कोण विचारणार? मिस्त्रीकडे टेम्पोचे पैसे नसतात.

लहान कामांसाठी महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. परंतु तिची माहिती संस्थेच्या सचिवापर्यंत पोहोचते तेवढी मिस्त्रीपर्यंत पोहोचत नाही. दुरुस्तीला परवानगी देतानाच गृहनिर्माण संस्थेने गोण्यांच्या विल्हेवाटीची अनामत घ्यावी, हा सर्वांत सोपा उपाय आहे आणि काही संस्था तो करतातही.

पाडूच नये असा तिसरा पर्यायही इथे बसतो. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी सक्तीची आहे. अनेक इमारतींचे खांब जॅकेटिंगने आणि पॉलिमर मसाल्याने आणखी बरीच वर्षे टिकवता येतात. जी इमारत उभी राहिली तिचा राडारोडा शून्य. पण पाडायचे की नाही हे बहुतेक वेळा इमारतीच्या प्रकृतीपेक्षा वाढीव एफएसआयच्या, म्हणजे जास्त बांधकामाच्या परवानगीच्या, हिशोबावर ठरते आणि तो निर्णय अभियंता किंवा कंत्राटदार यांच्यापैकी कोणाच्याच हातात नसतो.

कंत्राटदार : समजा तुम्ही म्हणता तसं सगळं झालं. मग क्षेपणभूमीवर शेवटी काय जाईल?

अभियंता : रंग-रसायन लागलेला माल, काचेच्या लोकरीसारखं इन्सुलेशन, कशातच न बसणारी घाण आणि केंद्रातला थोडा गाळ. गाळाच्या वड्याही बऱ्याचशा भरावात किंवा ब्लॉकमध्ये जाऊ शकतात. आणि ॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे तर साध्या क्षेपणभूमीवरही नकोत. ते न फोडता, ओले करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून तळोज्यासारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर गेले पाहिजेत.

कंत्राटदार : पत्रे मी आजही वेगळेच काढतो, साहेब. पण ते विकले जातात. गोठ्याला, शेडला, झोपडीला. धडका पत्रा कोण टाकून देतो?

अभियंता : तेवढा एक पुनर्वापर थांबवा, शेठ. पत्रा कापताना किंवा भोक पाडताना उडालेला तंतू फुफ्फुसात जातो आणि आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो. तोवर तुमचा कामगार कुठल्या गावी असेल, कोणाला माहीत.

कंत्राटदार : मग पत्र्याचा भाव बुडाला तो निविदेत धरा आणि गुंडाळून नेण्याचा दर लावा. वर्गीकरणाचाही लावा. हे दोन आयटम आले की चार ढिगांचा आराखडा मीच करून आणतो.